म्युझिक थांबलं की जास्त भीती का वाटते?

हॉरर पिच्चर मी शक्यतो थिएटरलाच बघते, आणि बाहेर पडल्यावर त्यातलं भूत वगैरे फारसं लक्षात राहत नाही, लक्षात राहते ती शांतता. मागचं म्युझिक कधी थांबलं ते कळतही नाही, फक्त एकदम एसीची घरघर ऐकू यायला लागते, मागच्या रांगेत कुणीतरी खाकरतं, आणि आपण श्वाससुद्धा जपून घेत असतो.

मध्ये एक सिनेमा मैत्रिणीसोबत दुसऱ्यांदा बघितला. धडाम कुठे होणार हे पाठ होतं, म्हणून त्या क्षणी मी पडद्याकडे न बघता तिच्याकडे बघत बसले. आवाज आला आणि तिचे डोळे गच्च मिटले, खांदे पार कानाला टेकले, मान आत गेली. आणि सगळं माहीत असून मीसुद्धा तेवढीच दचकले!

कारण दचकणं आपण ठरवून करतच नाही. कानातून निघालेला सिग्नल ब्रेनस्टेममध्ये, म्हणजे मेंदूच्या देठात, मोजक्याच पेशींमधून जातो आणि तिथूनच स्नायूंना हुकूम सुटतो, पापणी तर 1 सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत मिटायला लागते. "हा सीन मी बघितलाय" ही आठवण मेंदूच्या वरच्या भागात असते, तिला विचारायला इथे कुणी थांबत नाही.

मग शांतता काय करते? मेंदूत अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग आहे, आपण आधीच धास्तावलेले असलो की तो दचकण्याची ही यंत्रणा आणखी ताणून ठेवतो, त्यामुळे एरवी जेमतेम दचकवणारा आवाज तेव्हा काळजात धस्स करतो. आणि एक भारी गोष्ट म्हणजे मोठ्या आवाजाच्या अगदी आधी, म्हणजे साधारण 1 सेकंदाच्या दहाव्या भागाएवढं आधी, एखादा बारीकसा टक् जरी वाजला तरी दचकणं कमी होतं. म्हणजे त्या क्षणी दार जरी करकरलं तरी मजा गेली.

पण शांतता स्वतःच भीतीदायक असू शकते का? मला हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो. 2012 साली पोर्तुगालमधल्या शास्त्रज्ञांचं उंदरांवरचं एक संशोधन आलं. आधी शॉक अनुभवलेल्या उंदराच्या जवळचा दुसरा उंदीर घाबरून थिजला की हाही थिजतो, हे दिसत होतं, पण याला कळतं कसं? ओरडण्यावरून नाही, तर दुसऱ्याच्या हालचालीची खुसखुस थांबल्यामुळे! नुसती रेकॉर्ड केलेली खुसखुस वाजवली आणि मध्येच बंद केली तरी उंदीर जागच्या जागी थिजायचे. म्हणजे चालू असलेला आवाज थांबणं हीच धोक्याची खूण.

हे वाचलं आणि मला 1942 सालचा 'कॅट पीपल' आठवला. रात्री एक बाई एकटी चाललीय, मागून दुसरीच्या टाचांचा टकटक आवाज येतोय, आणि मध्येच तो थांबतो. बस्स. ती भराभर चालायला लागते, आपला जीव मुठीत, आणि एकदम जनावराने फिसकारावं तसा आवाज येतो, आणि समोर येऊन थांबते एक बस! निर्माता व्हॅल ल्यूटन याच्या नावावरून अशा दचकवण्याला सिनेमावाले आजही 'ल्यूटन बस' म्हणतात. पण सगळे त्या बसचंच कौतुक करतात, माझ्या मते खरं काम तर त्या थांबलेल्या पावलांनी आधीच केलेलं असतं.

म्हणूनच पहिल्या मिनिटापासून ढणढण म्युझिक वाजवणारे हॉरर पिच्चर बघताना मला मनापासून वाईट वाटतं, थांबवायला काही शिल्लकच ठेवत नाहीत.

आणि मला वाटतं, थिएटरमध्ये हे दुप्पट होत असणार. पडद्यावरचा आवाज थांबतो तेव्हा खुर्च्यांची करकर, कपड्यांची सळसळ, कुजबुज हेही थांबतं, कारण सगळेच थिजलेले असतात. मग शेजारच्याची शांतता आपल्याला ऐकू येते, आणि आपली त्याला.