माजी सैनिक अपील मंडळाचे निर्णय (अमेरिकेची संयुक्त संस्थाने)

लष्करी सेवेमुळे अपंगत्व आलेल्या माजी सैनिकांचे आणि मृत सैनिकांच्या वारसांचे भरपाईचे दावे फेटाळले गेल्यास, किंवा अपेक्षेपेक्षा कमी मंजूर झाल्यास, त्यांवरील अपिलात अमेरिकेचे माजी सैनिक अपील मंडळ देते ते लेखी निर्णय. मूळ दावे माजी सैनिक व्यवहार खात्याची प्रादेशिक कार्यालये निकालात काढतात. मंडळ त्याच खात्याचा भाग असून त्याचे मुख्यालय वॉशिंग्टन डी. सी. येथे आहे. ते न्यायालय नाही. त्याच्या सदस्यांना न्यायाधीश ही उपाधी असली, तरी हा फरक कायम आहे.

मंडळ २८ जुलै १९३३ रोजी अध्यक्ष फ्रँक्लिन रूझवेल्ट यांच्या ६२३० क्रमांकाच्या कार्यकारी आदेशाने स्थापन झाले, याबद्दल वाद नाही. या निर्णयपद्धतीचा आरंभ कोठून धरावा, याविषयी मात्र मतभेद संभवतो. एक धागा १७९२ पर्यंत मागे नेता येतो. त्या वर्षीच्या जायबंदी सैनिकांच्या निवृत्तिवेतन कायद्याने अर्जदारांची तपासणी संघीय सर्किट न्यायालयांकडे सोपवली, पण न्यायालयाच्या निष्कर्षावर युद्धमंत्री आणि पुढे काँग्रेस (अमेरिकेचे विधिमंडळ) यांना फेरविचाराची मुभा ठेवली. न्यायाधीशांनी यास हरकत घेतली. न्यायालयाचा निकाल मंत्र्याच्या मर्जीवर टांगता राहू शकत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. पेनसिल्व्हेनियातील न्यायाधीशांनी काम नाकारले, तर न्यूयॉर्कमधील न्यायाधीशांनी न्यायालय म्हणून नव्हे, आयुक्त या नात्याने ते करण्याची तयारी दाखवली. ‘हेबर्न प्रकरण’ म्हणून हा वाद घटनात्मक कायद्याच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. १७९३ मध्ये काँग्रेसने व्यवस्था बदलली. दुसरा धागा १८४९ नंतरचा आहे. त्या वर्षी निवृत्तिवेतन कचेरी नव्या गृहखात्याकडे (अंतर्गत भूमी व मालमत्ता सांभाळणारे खाते, पोलिसांशी त्याचा संबंध नाही) आली आणि निवृत्तिवेतन आयुक्ताच्या निर्णयावरील अपिले त्या खात्याच्या मंत्र्याकडे जाऊ लागली. निवृत्तिवेतन आणि सेवेबद्दल मिळणाऱ्या जमिनीच्या दाव्यांवरील असे निर्णय पुढे खंडरूपाने छापलेही गेले. खात्याचा निर्णय खात्यातच तपासायचा हे आजच्या मंडळाचे मुख्य लक्षण येथे स्पष्ट दिसते. म्हणून हा दुसरा धागा अधिक सयुक्तिक वाटतो. १७९२ चा प्रसंग या पद्धतीचा आरंभ नसून ती न्यायालयाबाहेर का वाढली याचे कारण ठरतो.

२० मार्च १९३३ च्या काटकसर कायद्याने या दाव्यांना न्यायालयाचे दार बंद केले होते. त्यामुळे मंडळाचा निर्णय जवळपास साडेपाच दशके अंतिम राहिला. वकिलाला एका दाव्यामागे १० डॉलरपेक्षा अधिक शुल्क घेता येत नसे. ही मर्यादा १८६४ ची, यादवी युद्धकाळातील. तरी सर्वोच्च न्यायालयाने ती १९८५ मध्येसुद्धा वैध ठरवली. १९८८ च्या न्यायिक पुनर्विलोकन कायद्याने स्वतंत्र न्यायालय निर्माण झाले (१९९९ पासून त्याचे नाव माजी सैनिक दाव्यांचे अपील न्यायालय) आणि निर्णयांचे स्वरूप पालटले. आज निर्णयात प्रथम आदेश, मग तथ्यविषयक निष्कर्ष, कायदेविषयक निष्कर्ष आणि शेवटी कारणमीमांसा असते. कारणे अपुरी असल्यास न्यायालय प्रकरण परत पाठवते.

याच टप्प्यावर वैद्यांचे स्थान गेले. पूर्वी मंडळाच्या तीन सदस्यांच्या पीठात सामान्यतः एक डॉक्टर असे आणि तो आपल्या ज्ञानावर विसंबून मत देई. मंडळाने स्वतःचे वैद्यकीय मत पुराव्याच्या जागी ठेवू नये, असे न्यायालयाने १९९१ मध्ये ठरवले. तेव्हापासून वैद्यकीय मत नोंदीत बाहेरूनच यावे लागते. १९९४ पासून बहुतेक निर्णय एकच सदस्य देतो.

दावा मान्य होण्यास सध्याचे अपंगत्व, सेवाकाळातील घटना वा आजार आणि त्या दोहोंतील कार्यकारणसंबंध या तीन गोष्टी लागतात. बहुतेक अपिले तिसऱ्या गोष्टीवर अडतात. पुरावा दोन्ही बाजूंनी जवळपास तुल्यबळ असल्यास संशयाचा फायदा दावेदाराला मिळतो; म्हणून निर्णयांत ‘निदान तितकेच संभवनीय’ हे शब्द सतत भेटतात. काही आजारांत संबंध गृहीत धरला जातो. १९९१ च्या एजंट ऑरेंज (युद्धात फवारलेले एक तणनाशक) कायद्याने व्हिएतनाममध्ये सेवा केलेल्यांना, तर २०२२ च्या पॅक्ट कायद्याने विषारी धूर व इतर घातक द्रव्यांच्या संपर्कात आलेल्यांना ही सवलत दिली. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुइस येथील अभिलेखागाराला लागलेल्या आगीत सुमारे १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सेवापुस्तिका जळाल्या. ज्याची कागदपत्रे अशी गेली, त्याच्या प्रकरणात मंडळावर कारणे देण्याची वाढीव जबाबदारी येते.

अपंगत्व ० ते १०० टक्के, दहाच्या टप्प्यांत मोजतात. अनेक व्याधींची बेरीज मात्र सरळ नसते, आणि नवख्या वाचकाचा गोंधळ बहुधा येथेच होतो. ५० टक्क्यांच्या व्याधीनंतर उरलेली कार्यक्षमता ५० टक्के. ३० टक्क्यांची दुसरी व्याधी या उरलेल्या भागावर मोजायची, म्हणजे १५. एकूण ६५, ते जवळच्या दशकात आणताना ५ वर सरकतो, म्हणून अंतिम आकडा ७०. तीन व्याधी असल्यास मोठ्यापासून क्रमाने घ्यायच्या आणि आकडा जवळच्या दहाच्या पटीत अगदी शेवटी एकदाच आणायचा. दोन्ही हात किंवा दोन्ही पाय बाधित असल्यास त्या जोडीच्या एकत्रित मूल्याचा दहावा हिस्सा त्यात वाढवतात.

वारसांसाठीचा अवलंबित्व व नुकसानभरपाई भत्ता १ जानेवारी १९५७ पासून लागू आहे. मृत्यू सेवासंबद्ध कारणाने झाला, किंवा त्या कारणाने त्यास ठोस हातभार लावला, एवढे दाखवावे लागते. मृत्यूपूर्वी सलग दहा वर्षे पूर्ण अपंगत्व असल्यास मृत्यूचे कारण सिद्ध करण्याची गरज सहसा उरत नाही. दावेदार मध्येच वारल्यास पात्र वारसाला त्याच्या जागी उभे राहता येते.

२०१७ च्या सुधारणा कायद्याने, १९ फेब्रुवारी २०१९ पासून, वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरतपासणी, नव्या पुराव्यासह पूरक दावा आणि मंडळाकडे अपील असे तीन मार्ग खुले झाले. मंडळाकडे जाण्यास एक वर्षाची मुदत आहे. अलीकडे एका वर्षात एक लाखाहून अधिक निर्णय झाले आहेत. १९९२ पासूनचे निर्णय नावे वगळून जनतेस पाहता येतात, पण ते पूर्वनिर्णय म्हणून बंधनकारक नसतात. पुढील अपील न्यायालयाकडे १२० दिवसांत करायचे असते. मुदत चुकली म्हणजे न्यायालयाचा अधिकारच संपला असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले. संशयाचा फायदा मंडळाने नीट दिला की नाही याची तथ्यविषयक छाननी मात्र उघड चुकीपुरतीच होईल, असे त्याच न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये बहुमताने ठरवले.