डोंगराआडचा टीव्ही: आधी जागा, मग अँटेना

टीव्हीच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. मध्ये डोंगर आला की पलीकडे सावली पडते. कड्याच्या माथ्यावरून लहरी थोड्या खाली वळतात, पण अगदी पायथ्याशी ही सावली सर्वांत गडद असते. त्यामुळे डोंगरापासून थोडे लांब असलेल्या घरात कधी कधी चित्र जास्त स्वच्छ दिसते. टीव्हीच्या लहरींच्या दोन पट्ट्यांपैकी व्हीएचएफच्या लांब लहरी बऱ्यापैकी वळतात, यूएचएफच्या आखूड लहरी त्या मानाने कमी.

घराघरांवर दिसणारी काड्यांची अँटेना टीव्हीसाठी जन्मलीच नव्हती. 1926 च्या सुमारास जपानमधील तोहोकू विद्यापीठात ती तयार झाली. प्रयोगांची बहुतेक मेहनत शिंतारो उदा यांची, पण नाव चालले ते त्यांचे वरिष्ठ हिदेत्सुगु यागी यांचे. ही अँटेना एका दिशेचा सिग्नल जोरात घेते आणि बाजूचे, मागचे बरेचसे टाळते. डोंगराळ भागात हे टाळणेच जास्त कामाचे. उतारावर आपटून आलेली लहर 300 मीटर जास्त फिरून आली, तर एक मायक्रोसेकंद उशिरा पोहोचते आणि जुन्या टीव्हीवर मूळ चित्राच्या उजवीकडे फिकट दुसरे चित्र उमटते.

पण समोरून सिग्नलच येत नसेल तर काड्या वाढवून काय उपयोग? अमेरिकेत ओरेगॉनमधील अ‍ॅस्टोरिया गावात 1948 मध्ये एड पार्सन्स यांनी आधी जागा शोधली. सिएटलचे केंद्र सुमारे 200 किलोमीटरवर, मध्ये डोंगर. सिग्नल सापडला तो एका हॉटेलच्या गच्चीवर. तिथे अँटेना लावून त्यांनी केबल आपल्या घरात आणली, मग शेजारीही जोडले गेले. पेनसिल्व्हेनियाच्या खोऱ्यांत तर टीव्ही विकणाऱ्यांनीच हा उद्योग केला, कारण चित्र दिसल्याशिवाय संच कोण घेणार? लॅन्सफर्डमध्ये 1950 साली रॉबर्ट टार्ल्टन यांनी डोंगरावरच्या सामाईक अँटेनाची जोडणी वर्गणी घेऊन द्यायला सुरुवात केली. आजच्या केबल टीव्हीचे एक मूळ इथे आहे.

अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे सिग्नल वाढवणारा बूस्टर, मात्र अँटेनाजवळच हवा. लांब केबलमध्ये सिग्नल आधीच क्षीण झाला, तर टीव्हीजवळचा बूस्टर सिग्नलसोबत गोंगाटही वाढवतो. बाजारात आजही बूस्टर हाच रामबाण उपाय म्हणून खपतो, हे काही पटत नाही.

डिजिटलने सगळे चित्रच बदलले. अमेरिकेत मोठ्या केंद्रांचे अ‍ॅनालॉग प्रक्षेपण 12 जून 2009 रोजी थांबले. त्याआधी सिग्नल कमजोर असला तरी मुंग्यांतून चेहरे ओळखू यायचे. आता एक तर स्वच्छ चित्र, नाहीतर चौकोन फुटून अंधार. परावर्तित लहरींचा त्रास तिथल्या सुरुवातीच्या रिसीव्हरना फार व्हायचा, पुढच्या पिढ्यांनी तो बराच कमी केला. युरोपने निवडलेल्या पद्धतीत प्रत्येक चिन्हाआधी, म्हणजे एका वेळी पाठवलेल्या माहितीच्या तुकड्याआधी, थोडा राखीव अवधी ठेवलेला असतो आणि त्यात बसणारी उशिराची लहर चित्र बिघडवत नाही. म्हणून केंद्राची दिशा पूर्ण बंद असेल तर समोरच्या डोंगराकडे अँटेना वळवून परावर्तित सिग्नल पकडणे हा अगदी वाजवी मार्ग आहे.