क्लाउड सीएमएस

क्लाउड सीएमएस म्हणजे संकेतस्थळावरचा मजकूर, छायाचित्रे आणि चित्रफिती लिहिणे, साठवणे, तपासणे व प्रसिद्ध करणे यासाठी सेवादात्या कंपनीच्या सर्व्हरवर चालणारी कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम. वापरणाऱ्याला ब्राउझर आणि लॉगिन एवढे पुरते. डेटाबेस उभारणे, सुरक्षेच्या दुरुस्त्या बसवणे, गर्दी वाढली की सर्व्हरची क्षमता वाढवणे ही कामे सेवादाता करतो. मजकुराची रचना कशी असावी, कोणाला काय करता यावे आणि पानांचे पत्ते कसे असावेत हे मात्र ज्याचे त्यालाच ठरवावे लागते. प्रणाली पुढे सुखाने चालणार की रोजची डोकेदुखी होणार, हे बहुतांशी या निर्णयांवर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

वेबच्या पहिल्या वर्षांत पान बदलायचे म्हणजे एचटीएमएल फाइल हाताने दुरुस्त करून एफटीपीने (फाइली पाठवण्याच्या पद्धतीने) सर्व्हरवर चढवायची. पाने वाढत गेली तसा मजकूर डेटाबेसमध्ये आणि मांडणी टेम्प्लेटमध्ये ठेवण्याची पद्धत रूढ झाली. द्रुपल (२००१), वर्डप्रेस (२००३) आणि जूमला (२००५) या मुक्त स्रोत प्रणालींनी ही पद्धत सामान्य वापरकर्त्यापर्यंत पोहोचवली. त्या स्वतः घेतलेल्या होस्टिंगवर बसवाव्या लागत. त्यामुळे प्रत्येक नवी आवृत्ती, प्रत्येक प्लगइन आणि प्रत्येक बिघाड मालकाच्याच अंगावर येई.

सेवा म्हणून मिळणारी प्रकाशनाची सोयही तेव्हा आकार घेत होती. ब्लॉगर १९९९ मध्ये सुरू झाले आणि २००३ मध्ये गूगलकडे गेले. वर्डप्रेस डॉट कॉम २००५ मध्ये आले. ॲमेझॉनने मार्च २००६ मध्ये एस३ ही भाड्याने मिळणारी साठवण खुली केली. त्यामुळे नव्या कंपन्यांना स्वतःची यंत्रे विकत न घेता अशा सेवा उभारता येऊ लागल्या. २०१३ मध्ये बर्लिनमध्ये स्थापन झालेल्या कंटेंटफुलसारख्या कंपन्यांनी पुढचा टप्पा गाठला. त्यांची प्रणाली पान तयार करत नाही, ती फक्त मजकूर सांभाळते आणि एपीआयमार्फत, म्हणजे एका प्रोग्रॅमला दुसऱ्याकडून माहिती मागता येण्याच्या ठरावीक सोयीने, हवा तिथे पुरवते.

फक्त मजकूर पुरवणाऱ्या या प्रकाराला हेडलेस म्हणतात. एकच मजकूर संकेतस्थळ, मोबाइल ॲप आणि स्टेशनवरच्या पडद्यावर दाखवायचा असेल तर तो सोयीचा ठरतो. पण दर्शनी भाग वेगळा लिहावा लागतो आणि त्यासाठी प्रोग्रॅमर लागतो. दहा-वीस पानांच्या संस्थेने केवळ नवे तंत्र म्हणून हेडलेसच्या वाटेला जाऊ नये. थीम निवडून त्याच दिवशी पान दाखवणारी एकत्रित प्रणाली तिला अधिक उपयोगी पडते.

‘क्लाउड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही सेवांमध्ये जुनाच प्रोग्रॅम भाड्याच्या सर्व्हरवर बसवून दिलेला असतो. त्यात आणि खऱ्या अर्थाने सामायिक सेवेत फरक असतो. सामायिक सेवेत अनेक ग्राहक एकाच इमारतीतल्या भाडेकरूंसारखे राहतात आणि नवी आवृत्ती सर्वांना एकदमच मिळते. नोंदणी करण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : अपडेट कोण करणार? उत्तर ‘तुम्ही’ असेल तर क्लाउडचा मोठा फायदा हातून गेलेला असतो.

मजकुराचा साचा

खाते उघडल्यावर बहुतेक जण आधी थीम आणि रंग निवडायला बसतात. खरे तर पहिले काम मजकुराचा साचा ठरवण्याचे आहे. आपल्याकडे कोणकोणत्या प्रकारचा मजकूर आहे (बातमी, कार्यक्रम, व्यक्ती, प्रकाशन) आणि प्रत्येक प्रकारात कोणकोणती फील्ड (माहितीचे स्वतंत्र रकाने) असतील, हे कागदावर लिहून मगच प्रणालीत भरावे.

व्याख्यानमाला चालवणाऱ्या संस्थेचे उदाहरण घेऊ. ‘कार्यक्रम’ या प्रकारासाठी शीर्षक आणि एक मोठी मजकुराची चौकट एवढेच ठेवले, तर संपादक तारीख, वेळ, स्थळ आणि वक्ता सगळे त्या चौकटीतच लिहितो. पान दिसायला ठीक दिसते. पुढे ‘येणारे कार्यक्रम’ अशी यादी करायची वेळ आली की प्रणालीला तारीख कळत नाही, कारण तिच्या लेखी ती तारीख नसून वाक्यातले काही शब्द असतात. तारखेला तारखेचे फील्ड, स्थळाला स्वतंत्र नोंद आणि वक्त्याला ‘व्यक्ती’ या प्रकाराशी जोडणारा संदर्भ दिला, तर यादी आपोआप लागते आणि होऊन गेलेले कार्यक्रम आपोआप मागे जातात. वक्त्याचे पद बदलले तर ते एकाच जागी दुरुस्त करून भागते.

उलट टोकही टाळावे. प्रत्येक उपशीर्षकासाठी आणि प्रत्येक रिकाम्या ओळीसाठी वेगळे फील्ड केले, तर लिहिणारा कंटाळतो आणि एका फील्डमध्ये भलतेच काही भरू लागतो. ज्या माहितीवर यादी, शोध किंवा क्रम लावायचा आहे तिला फील्ड द्यावे. बाकीचे मजकुरातच असू द्यावे. शेकडो नोंदी भरून झाल्यावर साचा बदलायचा म्हणजे प्रत्येक नोंद पुन्हा उघडायची किंवा त्यासाठी स्क्रिप्ट लिहायची. त्यामुळे पाच-सहा खऱ्या नोंदी भरून पाहून मगच साचा कायम करणे शहाणपणाचे.

फील्डवर नियमही लावता येतात, जसे की शीर्षकाची कमाल लांबी किंवा चित्रासोबत पर्यायी मजकूर सक्तीचा. हा दुसरा नियम प्रत्येकाने लावावा असे आग्रहाने सांगावेसे वाटते. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या दृष्टिहीन वाचकाला चित्र कळण्याची तीच एक वाट असते, आणि सक्ती नसेल तर ते फील्ड हमखास रिकामे राहते.

भूमिका आणि परवानग्या

एकच पासवर्ड साऱ्या कार्यालयात फिरवण्याची सवय क्लाउड प्रणालीत विशेष धोक्याची असते, कारण लॉगिनचे पान जगात कुठूनही उघडते. प्रत्येकाला स्वतंत्र खाते, द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डशिवाय आणखी एक खूण) आणि कामापुरतीच परवानगी द्यावी. वर्डप्रेसमध्ये मूळच्या पाच भूमिका आहेत : सबस्क्रायबर, कॉन्ट्रिब्युटर, ऑथर, एडिटर आणि ॲडमिनिस्ट्रेटर. कॉन्ट्रिब्युटरला लेख लिहिता येतो, पण प्रसिद्ध करता येत नाही आणि चित्रही चढवता येत नाही. बाहेरून लिहिणाऱ्याला ही भूमिका देताना चित्रे कोण लावणार हे आधीच ठरवावे, नाहीतर लेख ड्राफ्टमध्येच अडकून पडतो.

हेडलेस प्रणालीत माणसांइतकीच काळजी एपीआयच्या चाव्यांची घ्यावी लागते. फक्त मजकूर वाचू देणारी चावी आणि मजकूर बदलू देणारी चावी वेगवेगळ्या असतात. बदलू देणारी चावी ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडमध्ये राहिली, तर पानाचा सोर्स उघडून पाहणाऱ्या कोणाच्याही हाती ती लागते.

डोमेन आणि पत्ते

स्वतःचे डोमेन जोडताना डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनचे नाव कोणत्या सर्व्हरकडे जाते हे सांगणाऱ्या नोंदवहीत, नोंदी कराव्या लागतात. उपडोमेनसाठी (मूळ नावाच्या सुरुवातीला काही जोडून केलेल्या नावासाठी) सहसा सीनेम नोंद, म्हणजे एक नाव दुसऱ्या नावाकडे वळवणारी नोंद, चालते. मूळ डोमेनवर, म्हणजे सुरुवातीला काहीही न जोडलेल्या नावावर, सीनेम ठेवता येत नाही. त्या जागी इतर नोंदी असाव्याच लागतात आणि सीनेम दुसऱ्या कोणत्याही नोंदीसोबत राहू शकत नाही. म्हणून तिथे ए नोंद (थेट सर्व्हरचा अंकी पत्ता देणारी) किंवा डीएनएस सेवेची खास सोय वापरतात. बदलाच्या आदल्या दिवशी नोंदीचा टीटीएल, म्हणजे ती इतरांकडे साठवून ठेवली जाण्याचा काळ, ३६०० वरून ३०० सेकंदांवर आणला, तर नवा पत्ता लवकर लागू होतो आणि चूक झालीच तर लवकर मागेही फिरता येते.

यात नेहमी घडणारा अपघात ईमेलचा. काही जण एखादी नोंद बदलण्याऐवजी डोमेनचे नेमसर्व्हरच, म्हणजे सगळ्या नोंदी सांभाळणारे सर्व्हरच, नव्या सेवेकडे वळवतात. जुन्या जागी असलेल्या एमएक्स नोंदी (ईमेल कुठे पोहोचवायचा हे सांगणाऱ्या) तिकडे जात नाहीत, आणि संकेतस्थळ झकास चालू असताना संस्थेचा ईमेल बंद पडतो. जुन्या सर्व नोंदी आधी उतरवून ठेवल्या तर हे टळते.

पानांच्या पत्त्यांबाबत देवनागरीत लिहिणाऱ्यांना एक वेगळी अडचण येते. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मात्रा आणि हलन्तसुद्धा, तीन बाइट घेते आणि वेबपत्त्यात प्रत्येक बाइट तीन अक्षरांनी लिहिला जात असल्याने त्याची नऊ अक्षरे होतात. ‘विश्वकोश’ या एका शब्दात अशी आठ चिन्हे आहेत, म्हणजे पत्त्यात बहात्तर अक्षरे. वर्डप्रेसमध्ये पत्त्याच्या या भागाला २०० अक्षरांची मर्यादा आहे. त्यामुळे लांब मराठी शीर्षकाचा पत्ता बाविसाव्या चिन्हापाशी, बरेचदा शब्दाच्या मध्येच, तुटतो. पत्ता आपोआप बनू न देता हाताने आटोपशीर लिहावा. प्रसिद्ध झाल्यावर तो बदलावाच लागला तर जुन्या पत्त्यावरून नव्यावर ३०१ रीडायरेक्ट (वाचकाला कायमचे नव्या पत्त्याकडे वळवणारी सूचना) लावावा, म्हणजे इतरांनी दिलेले दुवे तुटत नाहीत.

प्रसिद्धी आणि कॅशे

बटण दाबले, तरी पानावर जुनाच मजकूर दिसतो, ही तक्रार नव्या वापरकर्त्यांकडून वारंवार येते. पान लवकर उघडावे म्हणून त्याच्या प्रती सीडीएनच्या, म्हणजे वाचकाला जवळून पान पुरवणाऱ्या जाळ्याच्या, अनेक ठिकाणच्या सर्व्हरवर आणि वाचकाच्या ब्राउझरमध्ये साठवलेल्या असतात; या साठ्याला कॅशे म्हणतात. चांगली प्रणाली प्रसिद्धीबरोबर सीडीएनवरची प्रत काढून टाकते, पण ब्राउझरमधली प्रत तिच्या हाती नसते. आधी खासगी विंडोत पान उघडून पाहावे आणि मगच सेवादात्याला लिहावे. वेळ लावून प्रसिद्ध करायचे असेल तर खात्याचे टाइम झोन तपासावे. ते यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर राहिले असेल तर लेख भलत्याच वेळी बाहेर पडतो.

बॅकअप आणि स्थलांतर

सेवादाता आपल्या यंत्रणेचा बॅकअप घेतो तो मुख्यतः स्वतःच्या बिघाडासाठी. एखाद्या संपादकाने चुकून पुसलेली नोंद त्यातून परत मिळेलच असे नाही. लेखाच्या जुन्या आवृत्त्या जपणारी सोयही बॅकअपची जागा घेत नाही, कारण खाते बंद झाले की आवृत्त्याही जातात. ठरावीक काळाने सगळा मजकूर निर्यात करून स्वतःकडे ठेवावा आणि ती फाइल दुसऱ्या एखाद्या चाचणी खात्यात आयात करून पाहावी. निर्यात होते का, कोणत्या स्वरूपात होते आणि फील्डमधले संदर्भ शाबूत राहतात का, याची परीक्षा सेवा निवडतानाच घेणे उत्तम.

चित्रांकडे वेगळे लक्ष द्यावे. वर्डप्रेसच्या निर्यातीतून मिळणाऱ्या एक्सएमएल फाइलमध्ये लेख, वर्ग आणि प्रतिक्रिया येतात, पण चित्रे येत नाहीत, येतात फक्त त्यांचे पत्ते. नवी जागा आयातीच्या वेळी त्या पत्त्यांवरून चित्रे ओढून घेते. म्हणून सगळी चित्रे नव्या जागी उघडताना डोळ्यांनी पाहिल्याशिवाय जुने खाते बंद करू नये.