अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या देणगी-शिष्यवृत्त्या: अर्ज नेमका कुठे अडतो

'जीपीए ४ पैकी ३.९ आहे, तरी शिष्यवृत्तीच्या यादीत नाव नाही,' असे फोन दर वसंतात येतात. बहुतेक वेळा दोष मार्कांचा नसतो. अर्ज एखाद्या कागदावर अडलेला असतो, आणि कोणत्या ते विद्यापीठाचं नकाराचं पत्र सांगत नाही.

या शिष्यवृत्त्या बऱ्याचदा छोट्या गावांतून येतात. गावात बँक चालवणारं जोडपं असतं. दिवसभर शेतकऱ्यांची, दुकानदारांची कर्जं बघायची आणि संध्याकाळी शाळेच्या नाहीतर वाचनालयाच्या मंडळावर बसायचं, असं आयुष्य काढून शेवटी ते जवळच्या सरकारी विद्यापीठाच्या फाउंडेशनकडे (देणग्या सांभाळणाऱ्या संस्थेकडे) रक्कम ठेवतात. मुद्दलाला हात लागत नाही. वर्षाला साधारण ४ ते ५ टक्के वाटले जातात. म्हणजे २५,००० डॉलरच्या निधीतून हजार-बाराशे डॉलर. विद्यार्थी निवडते ती विद्यापीठाची समिती. ठरावीक मुलाच्या नावाने दिलेल्या पैशांना देणगीची करसवलत मिळत नाही, त्यामुळे दात्याची ओळख काढत बसू नका. अटी मात्र दात्याच्या असतात: अमुक काउंटीचा (म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाचा) रहिवासी, आर्थिक गरज, समाजसेवा. अर्ज पडतात ते इथेच.

काउंटीचं आधी सांगतो, कारण ते हास्यास्पद आहे. पत्त्यातलं गावाचं नाव पोस्टाच्या सोयीचं असतं आणि एकच झिप कोड (तिथला पिन कोड) दोन काउंटींत पसरलेला असू शकतो. मुलं अंदाजाने काउंटी लिहितात. प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावर ती स्पष्ट छापलेली असते. भाड्याच्या घरात असाल तर घरमालकाला विचारा.

'आर्थिक गरज' म्हणजे फाफ्सा, केंद्र सरकारच्या शैक्षणिक मदतीचा अर्ज, शिष्यवृत्ती खासगी देणगीतली असली तरीही. 'आम्हाला सरकारी मदत नकोच आहे' म्हणून तो न भरणारे पालक मी मोजायचं सोडून दिलंय. फाफ्सा भरलेला नसेल तर गरज सिद्ध करायला कार्यालयाकडे काहीच नसतं.

तारीखही नीट वाचा. २०२६-२७ च्या फाफ्साची केंद्र सरकारची अंतिम तारीख ३० जून २०२७ आहे. ती बघून लोक निवांत बसतात. पण विद्यापीठाची स्वतःची प्राधान्य तारीख त्याच्या कितीतरी आधी, बहुतेक हिवाळ्यातच येऊन जाते, आणि देणगीचे पैसे तिच्यावरच वाटले जातात. अर्जात उत्पन्न २०२४ चं लागतं. त्यानंतर नोकरी गेली असेल तर फॉर्ममध्ये ते सांगायला जागा नाही (का नाही, देव जाणे). लेऑफचं पत्र जोडून मदत कार्यालयाला वेगळा अर्ज करा. उत्पन्नाचा आकडा बदलण्याचा अधिकार त्यांना आहे.

फाफ्साला नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि निर्वासितांसारखे काही मोजके गट पात्र आहेत. एच-४ (नोकरदाराच्या कुटुंबाचा) किंवा एफ-१ (विद्यार्थ्याचा) व्हिसावर असलेल्यांनी तो भरू नये. त्याऐवजी पालकांचं टॅक्स रिटर्न चालेल का, हे कार्यालयाला ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. मूल नागरिक आणि पालक व्हिसावर असतील तर अडचण नाही, पात्रता मुलाची बघतात. आईला सोशल सिक्युरिटी नंबर (सरकारी ओळख क्रमांक) नाही म्हणून अशी कुटुंबं आठवडेच्या आठवडे घालवतात. आई-वडिलांनी एकत्र रिटर्न भरलं असेल तर दोघांपैकी एकाचीच माहिती आणि संमती पुरते. मात्र ज्याची लागते त्याने ती द्यायलाच हवी, रिटर्न भरलेलं नसलं तरी. संमतीचं ते एक बटण राहिलं की केंद्राच्या मदतीची पात्रता संपली.

आता समाजसेवा. ज्या जोडप्याने उभं आयुष्य गावाच्या मंडळांवर काढलं, त्याला 'स्वयंसेवक' एवढा शब्द पुरत नाही. कुठे, किती महिने, आठवड्याला किती तास, कोणाच्या देखरेखीखाली, हे सगळं हवं. मराठी शाळेत लहान मुलांना शिकवलेलं नक्की धरतात, फक्त पत्र नात्यातल्या माणसाचं नको. मंडळाच्या सचिव म्हणून आईनेच सही केलेलं पत्र मी पाहिलंय. ते बाद झालं, आणि मला तरी त्यात अन्याय दिसला नाही. पत्र डिसेंबरच्या सुट्टीआधी मागा.

विद्यापीठाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर नाव, पत्ता, गुणपत्रक भरणं सोपं आहे. फसवतो तो पुढचा भाग. सामान्य अर्ज जमा झाला की 'पूर्ण' असं दिसतं, पण ज्या शिष्यवृत्तींना वेगळे प्रश्न असतात त्या खालच्या यादीत तशाच पडून राहतात. ती यादी उघडून एकेक भरावी लागते.

मिळाल्यावरची दोन कामं. दात्याला आभारपत्र मागतात, आणि अनेक ठिकाणी ते जमा होईपर्यंत पैसे खात्यावर येत नाहीत. दोन ओळींचं साचेबद्ध पत्र टाळा. ते दात्यापर्यंत खरंच पोचतं. दुसरं म्हणजे कर. पदवीच्या विद्यार्थ्याने शिष्यवृत्ती फी आणि अभ्यासक्रमाला आवश्यक पुस्तकांवर खर्च केली तर करमुक्त, राहण्या-जेवणावर केली तर तेवढी रक्कम करपात्र. आयआरएसच्या (अमेरिकेच्या कर खात्याच्या) ९७० क्रमांकाच्या पुस्तिकेत हे आहे. म्हणून पुस्तकांच्या पावत्या फेकू नका.