एव्ही रिसीव्हरच्या मेन्यूत एवढं सगळं आलं कुठून?

होम थिएटरसाठी रिसीव्हर, म्हणजे टीव्ही-प्लेअरकडून आवाज घेऊन सगळे स्पीकर वाजवणारा डबा, घ्यायला निघालं की पहिल्यांदा डोकं गरगरतं ते त्याची मागची बाजू बघून. सॉकेटच सॉकेट. बरं ते कसंतरी जोडून मेन्यू उघडावा तर स्मॉल-लार्ज, क्रॉसओव्हर, डिस्टन्स, एलएफई, बिटस्ट्रीम, पीसीएम... मॅन्युअलमधे काय दाबायचं ते असतं, का दाबायचं ते नसतं. मला हे कोडं सुटायला लागलं ते इतिहास वाचायला लागल्यावर, कारण यातली प्रत्येक गोष्ट कधीतरी कुठल्यातरी अडचणीवर उपाय म्हणून आली आणि मग अडचण गेली तरी तिथेच राहिली. ती मूळची अडचण कळली की आपल्याला तो ऑप्शन हवाय का नकोय हे ठरवायला वेळ लागत नाही.

सुरुवात नावापासून. रिसीव्हर म्हणजे मुळात रेडिओ. आधी हाय-फाय हौस म्हणजे सुटे डबे असायचे, रेडिओ पकडणारा ट्यूनर वेगळा, आवाज कमीजास्त करणारा प्रीअ‍ॅम्प वेगळा, स्पीकर वाजवणारा पॉवर अ‍ॅम्प वेगळा, आणि ते एकमेकांना नीट जोडायला थोडीफार जाण लागायची. १९५४ मधे हार्मन कार्डनने फेस्टिव्हल डी१००० काढला, त्यात हे तिन्ही एकाच डब्यात होते, मग १९५८ मधे त्यांचाच टीए२३० आला तो स्टीरिओ. १९६१ मधे अमेरिकेत एफएमवर स्टीरिओ प्रसारण सुरू झालं आणि असा एक डबा घरी असणं ही साधी गोष्ट झाली. आज कित्येक जण त्यावर रेडिओ कधीच लावत नाहीत पण नाव तेच राहिलं. आणि नावाबरोबर तडजोडही राहिली: सगळं एका डब्यात म्हणजे पॉवर सप्लाय एकच, उष्णता एकाच ठिकाणी. म्हणून रिसीव्हर बंद कपाटात कोंबू नका, वर मोकळी जागा ठेवा, आणि घेताना त्याला प्रीआउट आहेत का ते बघा, म्हणजे पुढेमागे वेगळा पॉवर अ‍ॅम्प जोडता येतो.

आता वॅट, ज्यावरून सगळ्यात जास्त फसगत होते. साठच्या दशकात जाहिरातींमधे पीक पॉवर, म्युझिक पॉवर असले आकडे छापायचे, तोच अ‍ॅम्प मोजायची पद्धत बदलली की कागदावर दुप्पट चौपट ताकदवान व्हायचा. शेवटी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मधे नियम केला की पॉवर सांगायची तर सतत मिळणारी सांगा, आणि किती ओहमला (म्हणजे विजेला किती विरोध करणाऱ्या स्पीकरला), कोणत्या फ्रिक्वेन्सीपासून कोणत्या फ्रिक्वेन्सीपर्यंत, किती डिस्टॉर्शनला, म्हणजे आवाज किती बिघडला असताना, हेही सांगा. नियम चांगलाच होता पण तो केला तेव्हा डोळ्यासमोर होता दोन चॅनेलचा स्टीरिओ. पुढे पाच, सात, नऊ चॅनेलचे रिसीव्हर आले आणि मग एकच चॅनेल चालवून, ६ ओहमला, फक्त १ किलोहर्ट्झवर, १० टक्के डिस्टॉर्शनला मोजलेला आकडा खोक्यावर मोठ्या अक्षरात यायला लागला. २०२४ मधे तो नियम पुन्हा दुरुस्त झाला, आता मोजायच्या अटी ठरवून दिल्यात, ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, डिस्टॉर्शन १ टक्क्याच्या आत. तुम्ही कुठेही असा, दोन मॉडेलची तुलना करताना स्पेसिफिकेशनमधली याच अटींची ओळ शोधा, निदान दोन चॅनेल एकत्र चालवून मोजलेली. आणि हेही लक्षात ठेवा की वॅट दुप्पट झाले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, त्यामुळे ८० वॅट की १०० वॅट यात फरक जेमतेम १ डेसिबल. त्यापेक्षा ३ डेसिबलने जास्त सेन्सिटिव्ह, म्हणजे तेवढ्याच वॅटला जास्त आवाज देणारा, स्पीकर घेतलात तर अ‍ॅम्प दुप्पट केल्यासारखंच झालं. माझं मत विचाराल तर वॅटवर घालवलेला वेळ स्पीकर निवडण्यात घालवा.

सेंटर स्पीकरची गोष्ट मला सगळ्यात आवडते, कारण ती वाटते त्यापेक्षा खूप जुनी आहे. एप्रिल १९३३ मधे अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेने फिलाडेल्फियात वाजणारा ऑर्केस्ट्रा तारांवरून वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमधे ऐकवला, तोही तीन चॅनेलवर: डावं, उजवं आणि मधलं. दोनच ठेवले तर मधोमध बसलेल्याला ठीक वाटतं पण बाजूला बसलेल्याला सगळा आवाज जवळच्या स्पीकरकडे सरकलेला वाटतो, हे तेव्हाच कळलं होतं. मग घरी दोनच का आले? तर रेकॉर्डमुळे. तबकडीच्या खाचेला भिंती दोन, म्हणून चॅनेल दोन, १९५८ च्या आसपास स्टीरिओ रेकॉर्ड बाजारात आल्या आणि घरातला आवाज दोनावर अडकला. सिनेमागृहांनी मात्र मधला स्पीकर सोडला नाही, कारण तिथे अर्धे प्रेक्षक बाजूलाच बसलेले असतात आणि संवाद पडद्यावरच्या माणसाच्या तोंडातून यायला हवा.

पण सिनेमागृहांची अडचण वेगळीच होती. सत्तरच्या दशकात ३५ मिलिमीटर फिल्मच्या कडेला ऑप्टिकल ट्रॅकसाठी जी चिंचोळी पट्टी होती तिच्यात जेमतेम दोन ट्रॅक मावायचे. हवे होते चार: डावा, मधला, उजवा आणि मागचा सराउंड. तेव्हा क्वाड्राफोनिक नावाचा एक प्रयोग घराघरात नुकताच फसत होता, कोपऱ्यात चार स्पीकर, आणि एसक्यू, क्यूएस, सीडी-४ अशा एकमेकांशी न जमणाऱ्या पद्धती, ग्राहक कंटाळले. पण त्यातली मॅट्रिक्सची कल्पना, म्हणजे चार चॅनेल गणिताने दोनात मिसळायचे आणि वाजवताना पुन्हा वेगळे करायचे, ती कामाला आली. डॉल्बी स्टीरिओने तेच केलं: मधला आवाज दोन्ही ट्रॅकमधे सारखा घालायचा, सराउंडचा आवाज दोन्हीकडे पण एकमेकांच्या उलट फेजमधे, म्हणजे एकाची लाट वर तेव्हा दुसऱ्याची खाली. १९७७ च्या स्टार वॉर्सनंतर ही पद्धत सगळीकडे पसरली.

आणि मग एक फार सुंदर गोष्ट घडली. सिनेमा व्हिडिओ कॅसेटवर आला तेव्हा ते दोन ट्रॅक जसेच्या तसे उतरले, म्हणजे कोणी मुद्दाम न घालताही सराउंड आवाज घरातल्या स्टीरिओ टेपमधे येऊन बसला होता, फक्त बाहेर काढणारं कोणी नव्हतं. १९८२ मधे डॉल्बी सराउंड डिकोडर आले ते यासाठीच. सोपं काम, डाव्यातून उजवा वजा करा, राहील तो सराउंड. पण हे वेगळं करणं कच्चं होतं, शेजारच्या चॅनेलमधला फरक ३ डेसिबलच राहायचा, त्यामुळे संवाद मागच्या स्पीकरमधून झिरपायचे. यावर उपाय कानाच्या सवयीतच सापडला. एकच आवाज दोन जागांहून किंचित अंतराने आला तर आपला मेंदू आधी आलेल्याची दिशा खरी मानतो. म्हणून सराउंड साधारण २० मिलिसेकंद उशिरा सोडायचा, वर ७ किलोहर्ट्झच्या पुढचं कापून टाकायचं म्हणजे स-श-चे सीत्कार मागून येत नाहीत. रिसीव्हरच्या मेन्यूत डिले नावाची गोष्ट पहिल्यांदा आली ती अशी. १९८७ मधे डॉल्बीचंच सुधारलेलं डिकोडिंग, प्रो लॉजिक, आलं, त्यात कुठल्या क्षणी कुठली दिशा जोरात आहे हे ओळखून सर्किट बाकीच्या चॅनेलमधला झिरपा दाबायचं, आणि घरात खराखुरा सेंटर स्पीकर आला, १९३३ नंतर तब्बल ५४ वर्षांनी.

आजच्या मेन्यूत तो डिले डिस्टन्स नावाने दिसतो पण काम बदललंय. आता चॅनेल मुळातच वेगळे असतात, लपवायला काही नाही, तर सगळ्या स्पीकरचा आवाज तुमच्या बसायच्या जागी एकाच वेळी पोचावा म्हणून जवळच्याला थांबवायचं. १ मीटर म्हणजे साधारण ३ मिलिसेकंद. टेप घेऊन मोजलंत तरी पुरे. पण सेंटर स्पीकर स्वस्तातला आणि बाजूचे महागडे असं करू नका, सिनेमातलं बहुतेक सगळं बोलणं त्या एका डब्यातून येतं. संवाद ऐकू येत नाहीत अशी तक्रार असणाऱ्यांचा सेंटर बऱ्याचदा टीव्हीखालच्या कप्प्यात आत ढकललेला असतो, तो कडेपर्यंत पुढे ओढून थोडा वर कानाच्या दिशेने तिरका केला तरी फरक पडतो.

याच काळात, १९८६ मधे, यामाहाचा डीएसपी-१ नावाचा डबा आला, त्यात हॉल, चर्च असल्या जागांचा घुमारा डिजिटल पद्धतीने तयार करता यायचा. आजही रिमोटवर हॉल, स्टेडियम, क्लब असे मोड दिसतात ते त्याचे वंशज. संगीताला कोणाला आवडत असतील, सिनेमाला मी ते बंदच ठेवतो, कारण मिक्सिंग करणाऱ्याने तो घुमारा आधीच घातलेला असतो.

आता ५.१ (पाच पूर्ण चॅनेल आणि एक खर्जाचा) मधला तो पॉइंट वन. ७० मिलिमीटर फिल्मवर सहा मॅग्नेटिक ट्रॅक असायचे, त्यातले पाच पडद्यामागच्या स्पीकरसाठी. सत्तरच्या दशकाच्या शेवटी डॉल्बीच्या लोकांनी त्यातले डाव्या-मधल्याच्या आणि मधल्या-उजव्याच्या मधले दोन नुसत्या खर्जाच्या धडाम-धुडूमसाठी वापरायला सुरुवात केली. कारण असं की खालचे सूर जोरात ऐकू यायला ताकद फार लागते आणि तीच नेहमीच्या ट्रॅकमधे घातली तर बाकी सगळ्याला जागा उरत नाही. पुढे डिजिटल आवाजाचं प्रमाण ठरत होतं तेव्हा टॉमलिन्सन होल्मन या तंत्रज्ञाने या खर्जाच्या चॅनेलला पॉइंट वन म्हटलं, कारण त्याला पूर्ण चॅनेलएवढी जागा लागत नाही, डॉल्बी डिजिटलमधे तो १२० हर्ट्झपर्यंतच जातो. हाच एलएफई, म्हणजे लो फ्रिक्वेन्सी इफेक्ट्स. तो बाकीच्यांपेक्षा १० डेसिबल जोरात वाजवायचा असतो, आणि ते काम रिसीव्हर आपणहून करतो, तुम्ही सबवूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर, वाढवायची गरज नाही.

इथे मात्र फार गोंधळ होतो. एलएफई म्हणजे सबवूफर नव्हे. एलएफई हा फिल्ममधला एक ट्रॅक, सबवूफर हा तुमच्या खोलीतला स्पीकर, आणि सबवूफरकडे एलएफई तर जातोच पण लहान स्पीकरना न झेपणारा बाकी चॅनेलचा खर्जही जायला हवा. तो कुठून वळवायचा ते ठरवतो क्रॉसओव्हर. नव्वदच्या दशकात होल्मन यांच्याच टीएचएक्सने, म्हणजे सिनेमाच्या आवाजाचे निकष ठरवणाऱ्या योजनेने, घरासाठी ८० हर्ट्झ धरला, कारण त्याच्या खालचा आवाज कुठून येतोय हे कानाला सहसा सांगता येत नाही. म्हणून स्मॉल-लार्जचा स्पीकरच्या उंचीशी काही संबंध नाही. लार्ज म्हणजे खर्ज तुझा तू वाजव, स्मॉल म्हणजे तो सबवूफरला दे. माझे उंच टॉवर स्पीकर आहेत म्हणून मी बरीच वर्षं लार्ज ठेवले होते, मग एकदा स्मॉल आणि ८० करून तोच प्रसंग पुन्हा लावला आणि अ‍ॅम्पवरचा भार उतरल्यावर संवादसुद्धा किती मोकळे झाले ते ऐकून थक्क झालो. अगदी छोटे सॅटेलाइट स्पीकर असतील तर १०० ते १२० ठेवा.

डिजिटलचा भाग लवकर आटपतो. १९९२ मधे बॅटमॅन रिटर्न्सबरोबर डॉल्बी डिजिटल आलं, फिल्मच्या कडेच्या भोकांमधल्या जागेत छापलेलं, १९९३ मधे ज्युरासिक पार्कबरोबर डीटीएस, त्याचा आवाज वेगळ्या सीडीवर. घरी ते आधी १९९५ मधे लेसरडिस्कवर आणि मग डीव्हीडीवर पोचलं. तेव्हा मधल्या काळातले रिसीव्हर डॉल्बी डिजिटल रेडी म्हणून विकले जायचे, म्हणजे आत डिकोडर नाही, नुसती सहा अ‍ॅनालॉग सॉकेट, डिकोडर वेगळा घ्या. रेडी हा शब्द तेव्हापासून मला खटकतो, खोक्यावर दिसला की आत्ता काय चालतं एवढंच विचारायचं.

ऑप्टिकल केबल १९८३ ची, तोशिबाने काढलेली टॉसलिंक. तिच्यातून स्टीरिओ पीसीएम (न दाबलेला डिजिटल आवाज) किंवा बिटस्ट्रीम म्हणून दाबलेला ५.१ जातो, त्यापलीकडे नाही. ब्लू-रेवर ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे दर्जा न गमावणारे आवाजाचे प्रकार आले तेव्हा ती अपुरी पडली आणि २००६ च्या एचडीएमआय १.३ ने तो भार उचलला. मग सगळं चित्र रिसीव्हरमधूनच जायला लागलं आणि रिसीव्हर अचानक टीव्हीइतक्याच वेगाने जुना व्हायला लागला, ही माझ्या मते या यंत्राच्या इतिहासातली सगळ्यात वाईट गोष्ट. २०२० मधे नव्या गेमिंग कन्सोलच्या वेळी ४के १२० हर्ट्झचं चित्र काही नव्याकोऱ्या रिसीव्हरमधून नीट जातच नव्हतं, चूक आतल्या एचडीएमआय चिपची होती. यातून सुटायचा रस्ता ईएआरसी, म्हणजे टीव्हीकडून आवाज रिसीव्हरकडे परत पाठवायची सोय, २०१७ च्या एचडीएमआय २.१ मधला. कन्सोल थेट टीव्हीला जोडा आणि आवाज एका केबलने पूर्ण दर्जाचा मागे रिसीव्हरकडे आणा. आधीचा २००९ चा साधा एआरसी ट्रूएचडी नेऊ शकत नाही, त्यामुळे नवीन घेताना ईएआरसी दोन्ही टोकांना आहे ना ते बघाच. अ‍ॅटमॉस, म्हणजे वरूनही आवाज देणारी डॉल्बीची पद्धत, २०१४ पासून घरी आहे, छतावरचे किंवा छताकडे आवाज फेकणारे स्पीकर बसवता येत असतील तर जरूर घ्या, पण आधी पाच स्पीकर आणि सबवूफर नीट बसू द्या.

राहिलं माईकवालं ऑटो सेटअप. पूर्वी टेस्ट टोन लावून हातात साउंड मीटर धरून एकेक स्पीकर जुळवायचे. २००० नंतर पायोनियरचं एमसीएसीसी, यामाहाचं वायपीएओ, ऑडिसी, डिरॅक अशा पद्धती आल्या आणि रिसीव्हर खोली स्वतः ऐकायला लागला. माईक ट्रायपॉडवर कानाच्या उंचीला ठेवा, सोफ्याच्या पाठीवर टेकवू नका, पंखा बंद करा, आणि सांगेल तितक्या जागी मोजा. झाल्यावर क्रॉसओव्हर तपासा, कारण बरेच रिसीव्हर मोठ्या स्पीकरना आपणहून लार्ज करून टाकतात. व्हॉल्यूमवर उणे आकडे दिसले तर घाबरू नका, ० म्हणजे सिनेमागृहाच्या मिक्सिंगची पातळी, जिथे एकेका मुख्य चॅनेलचा सर्वात मोठा आवाज १०५ डेसिबलपर्यंत जातो, घरी उणे २० च्या आसपाससुद्धा भरपूर होतं. आणि सबवूफर ३ मीटरवर असताना रिसीव्हरने ५ मीटर दाखवलं तर ते खोडून ३ करू नका. सबवूफरच्या आतल्या फिल्टरमुळे त्याचा आवाज उशिरा निघतो आणि रिसीव्हरने तो उशीरच मीटरमधे मोजलेला असतो.