शब्दावरून पक्षी, सुरावरून जात : गिल्बर्ट व्हाइट यांच्यामागची पार्श्वभूमी

१७ ऑगस्ट १७६८ रोजी इंग्लंडच्या हॅम्पशरमधल्या सेलबोर्न गावातून गिल्बर्ट व्हाइट या पाद्री आणि निसर्गनिरीक्षकाने थॉमस पेनंट या प्राणिशास्त्रज्ञाला पत्र लिहिलं. पत्र लिहिताना तीन मेलेले, चिमणीहून लहान, हिरवट-पिवळे पक्षी त्याच्यासमोर ठेवलेले होते. लोक तिघांनाही ‘विलो रेन’ म्हणत आणि स्वीडिश शास्त्रज्ञ लिनिअसच्या वर्गीकरणातही तिघांसाठी एकच नाव होतं. व्हाइटने मात्र ठामपणे लिहिलं की या तीन स्वतंत्र जाती आहेत, कारण तिघांचे आवाज कायम वेगळे असतात.

यातला क्रम महत्त्वाचा आहे. फरक आधी कानाला कळला आणि मग पक्षी हातात घेऊन तो तपासला गेला. सगळ्यात लहान पक्ष्याचे पाय काळे, उरलेल्या दोघांचे मांसाच्या रंगाचे. सगळ्यात पिवळा पक्षी आकाराने मोठा आणि त्याच्या पंखांतल्या पिसांची टोकं पांढरी. तो उंच बीच वृक्षांच्या शेंड्यावरच राहतो, नाकतोड्यासारखा सळसळता आवाज काढतो आणि गाताना पंख किंचित थरथरवतो. आज या तिघांना, लहानापासून मोठ्याकडे जाताना, चिफचॅफ, विलो वॉर्बलर आणि वुड वॉर्बलर म्हणतात.

पायाच्या रंगाची ही खूण आजही चालते, पण तिला मर्यादा आहेत. काही विलो वॉर्बलरचे पायही गडद असतात, त्यामुळे नुसत्या पायावर भिस्त ठेवली की चूक होते. वसंतात गाणं हीच खात्रीची खूण. चिफचॅफ दोन सुटे सूर पुन्हापुन्हा म्हणतो, विलो वॉर्बलरची तान हळूहळू खाली उतरत विरते. शरद ऋतूत गाणं थांबलं की मिटलेल्या पंखाकडे पाहावं लागतं. विलो वॉर्बलरच्या पंखाची टोकं लांबवर बाहेर येतात, चिफचॅफची आखूड असतात आणि तो शेपटी सारखी खाली झुकवत राहतो.

हा कान कुठून आला? व्हाइटचा जन्म १८ जुलै १७२० रोजी सेलबोर्नमध्ये, आजोबांच्या पाद्रीघरात झाला. बेसिंगस्टोकला तो थोरल्या थॉमस वॉर्टनकडे शिकला. हे गृहस्थ ऑक्सफर्डमध्ये काव्याचे प्राध्यापक होते आणि त्यांचे दोन्ही मुलगे पुढे कवी म्हणून नावाजले. ऑक्सफर्डच्या ओरिएल कॉलेजातून पदवी घेतल्यावर १७४४मध्ये व्हाइट तिथलाच फेलो, म्हणजे कॉलेजचा वेतनधारी सदस्य, झाला. लॅटिन काव्य हे त्याचं रोजचं वाचन होतं. पुढे तो पाद्री झाला, पण सेलबोर्नचं मुख्य पाद्रीपद मॅग्डालेन कॉलेजच्या हातात असल्यामुळे ओरिएलच्या माणसाला ते मिळणं शक्य नव्हतं. सहायक पाद्री म्हणून का होईना, तो गावातच राहिला आणि एकाच परिसराकडे वर्षानुवर्षं पाहत राहिला.

नोंदींची शिस्त बागेतून आली. १७५१पासून त्याने बागेची दैनंदिनी ठेवली. १७६८पासून डेन्स बॅरिंग्टन या निसर्गप्रेमी वकिलाने आखलेल्या छापील तक्त्यावर निसर्गाची रोजनिशी सुरू झाली, ती १७९३मध्ये मरेपर्यंत चालली. एका पानावर एक आठवडा. वायुभार, तापमान, वारा, पाऊस, फुलणारी झाडं, दिसलेले आणि दिसेनासे झालेले पक्षी, प्रत्येकाला वेगळा रकाना. रिकाम्या रकान्याचं मोल मोठं असतं, कारण पक्षी कधी दिसेनासा झाला हे त्यावरूनच कळतं. वर्षानुवर्षं मोजल्यावरच तो म्हणू शकला की गावात पाकोळ्यांच्या दर वर्षी आठच जोड्या असतात, त्यातल्या साधारण निम्म्या चर्चमध्ये.

हाउस मार्टिन ही भिंगरीच्या कुळातली, वळचणीखाली मातीचं घरटं बांधणारी. तिच्या बांधकामाचं व्हाइटचं वर्णन गवंड्याने वाचावं असं आहे. पक्षी मातीत पेंढ्याचे बारीक तुकडे मिसळतो, म्हणजे ती चिवट होते. काम फक्त सकाळी चालतं. दिवसाला साधारण अर्धा इंच थर चढतो आणि उरलेला दिवस तो वाळायला मिळतो. घाई केली तर ओली माती स्वतःच्याच वजनाने कोसळेल. दहा-बारा दिवसांत अर्धगोल घरटं तयार होतं. मातीच्या भिंती घालणारे कारागीरही थर थोडाच चढवतात, आणि ते बहुधा याच पक्ष्याकडून शिकले असावेत, असंही तो सुचवतो.

मला त्याच्यातला पंडित आणि निरीक्षक वेगळे काढता येत नाहीत, ते एका उताऱ्यामुळे. रोमन कवी व्हर्जिलच्या ‘इनीड’ या महाकाव्याच्या बाराव्या सर्गात रथ हाकणाऱ्या जुतुर्नाला श्रीमंताच्या वाड्यात घिरट्या घालणाऱ्या ‘हिरुंडो’ची उपमा दिली आहे. लॅटिनमध्ये हा शब्द भिंगरीच्या साऱ्या कुळाला चालतो. मग कवीने नेमका कोणता पक्षी पाहिला? व्हाइट ‘निग्रा’, म्हणजे काळी, या विशेषणावर बोट ठेवतो. भिंगरीची पाठ आणि पंख काळे दिसतात, तर मार्टिनचं कंबरेवरचं अंग दुधासारखं पांढरं. शिवाय रथाची ती झटक्याची वळणं मार्टिनच्या तुलनेने जड उड्डाणात बसत नाहीत. म्हणून ही भिंगरीच. कवितेतला शब्द त्याने पिसासारखा तपासला. तीन वटवट्यांच्या, म्हणजे सुरुवातीच्या त्या तीन पक्ष्यांच्या, बाबतीत त्याने सूर असेच वाचले होते. घुबडांच्या बाबतीतही तेच. त्याच्या संगीतज्ञ मित्राने सूर जुळवायची पिपाणी घेऊन शेजारची घुबडं तपासली आणि ती सारी बी-फ्लॅट या पाश्चात्त्य सुरात घुमतात असं सांगितलं, तर व्हाइटने ते पत्रात नोंदवून ठेवलं.

त्याच्या स्वतःच्या कविता थोड्या आहेत. पेनंटला उद्देशून लिहिलेली उन्हाळी संध्याकाळच्या फेरफटक्याची कविता त्या काळच्या ठरीव यमकबद्ध द्विपदींत आहे, आणि शैलीत त्याचं गद्य तिच्याहून कितीतरी सरस आहे. पण पक्षी अचूक आहेत. कळसाभोवती गरगरणारी पाकोळी, अंधारात लांबट चरचरणारा रातवा, दिसत नसताना हवेत तरंगत गाणारा, चंडोलाच्या कुळातला वुडलार्क, सगळे आपापल्या वेळी आणि जागी. त्याच कवितेत तो भिंगऱ्यांना विचारतो की हिमवादळात तुम्ही कुठे दडता?

हा प्रश्न त्याला आयुष्यभर सुटला नाही. जिब्राल्टरला असलेल्या भावाने, जॉनने, सामुद्रधुनी ओलांडणारे भिंगऱ्यांचे थवे पाहिले होते. तरीही सेलबोर्नमधल्या काही भिंगऱ्या हिवाळ्यात इथेच सुप्तावस्थेत राहत असाव्यात ही शंका त्याने सोडली नाही. त्याला कारण त्याच्याच नोंदी होत्या. आठवडे न दिसलेल्या मार्टिन नोव्हेंबरच्या सुरुवातीला अचानक दिसत, आणि नुकतंच घरटं सोडलेलं पिल्लू हजारो मैल उडेल हे त्याला पटत नव्हतं. प्रत्यक्षात अशी उशिरा निपजलेली पिल्लं काही आठवड्यांतच लांबचा प्रवास करतात. पक्षी ओळखू येईल अशी खूण पायात अडकवल्याशिवाय हे सिद्ध होणार नव्हतं. मे १९११मध्ये स्टॅफर्डशरमध्ये कडी घातलेली भिंगरी डिसेंबर १९१२मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या नाताल प्रांतात सापडली, तेव्हा कुठे पुरावा हाती आला.

पेनंटला ४४ आणि बॅरिंग्टनला ६६ पत्रांचं त्याचं सेलबोर्नवरचं पुस्तक भावाने, बेंजामिनने, १७८८च्या अखेरीस बाहेर काढलं. शीर्षकपृष्ठावर १७८९ छापलं आहे. त्यातली काही पत्रं टपालात कधी पडलीच नव्हती, ती पुस्तकासाठीच लिहिली होती. रोजनिशी मात्र कुणासाठी लिहिलेली नव्हती. एप्रिल १७८१मध्ये गावामागच्या टेकडीवर दोन मजूर झुडपं आणि पोकळ्या उचकटून झोपलेल्या भिंगऱ्या शोधत होते. तेवढ्यात एक हाउस मार्टिन रस्त्यावरून उडत आली आणि शेजारच्या वळचणीखालच्या घरट्यात शिरली. व्हाइटने दोन्ही गोष्टी एकाच नोंदीत लिहून ठेवल्या.