डॉल्फिन ‘हसतो’ म्हणजे खूश असतो?

नाही. ते हसू जबड्याच्या ठेवणीचं. आजारी, अगदी मेलेला डॉल्फिनही तसाच दिसतो. डॉल्फिनच्या शोला गेलातच तर तोंडाकडे नव्हे, दोन खेळांमधल्या वेळेकडे बघा, ताणाच्या खुणा तिथे दिसतात: एकाच दिशेने घिरट्या, पृष्ठभागावर निपचित तरंगणं, भिंत-गेट चावून झिजलेले दात. उडीनंतरचा मासा बक्षीस वाटतो, पण तो बहुधा रोजच्या जेवणाचाच हप्ता असतो. तोही गोठवलेला, त्यातलं ब1 जीवनसत्त्व घटतं, म्हणून माशाच्या कल्ल्यात गोळी खुपसतात. (जाहिरातीत हे कुठे दिसतं!) भारतात 2013 मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने डॉल्फिनेरियमना (असे शो करणाऱ्या तलावांना) परवानगी देऊ नये, असं राज्यांना कळवलं. मालवणच्या समुद्रात डॉल्फिन मोकळे दिसतात. बोटवाल्यांना मात्र आधीच सांगा, पाठलाग नको, इंजिन मंद ठेवा.